शेगडी नको, लाडू हवेत!

हॉस्टेलच्या खोलीत हॉटप्लेट किंवा कॉइल सापडली की ती जप्त होते, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. एका सॉकेटवर तिघींचे चार्जर, एक इस्त्री आणि वर १००० वॅटची कॉइल लावली तर काय होतं, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना मी मेकॅनिकलवालीने सांगायला नको. पण सबमिशनच्या आठवड्यात रात्री साडेअकराला जी भूक लागते तिचं काय? मेस तर कधीच बंद झालेली असते. मग बिस्किटाचा पुडा, फरसाण, नाहीतर नूडल्सचं पाकीट फोडून कोरडंच (हो, खातात लोक!). त्यावर माझा उपाय म्हणजे न शिजवता, न भाजता, न तळता केलेले मसाल्याचे लाडू.

माझं गाव तळेरे. मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवली तालुक्यात. तिथून एक रस्ता विजयदुर्गाकडे समुद्राला जातो आणि दुसरा वैभववाडी-गगनबावडामार्गे घाट चढून कोल्हापूरला. म्हणजे नारळ खालून आणि गूळ वरून! तेव्हा लाडवांवर बोलायचा थोडाफार अधिकार आम्हाला आहे असं मी समजते.

न शिजवता केलेला गोड खाऊ ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. गणपतीतलं पंचखाद्य आठवा. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस, सगळी 'ख'ची मंडळी. गोकुळाष्टमीचा सुंठवडा म्हणजे सुंठ, सुकं खोबरं, साखर, वेलची. फार तर खोबरं जरा परतून घ्यायचं, बाकी कुटायचं आणि वाटायचं. नाताळाला युरोप-अमेरिकेत केकात आणि बिस्किटांत दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घालतात. आता बघा, यातली सुंठ आणि जायफळ आपल्या देवघरातल्या प्रसादात आधीपासून आहेत. जायफळ तर आता कोकणातलंच मिळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जायफळाच्या जाती आणि 'कोकण तेज' ही दालचिनीची जात काढली आहे. नारळाच्या बागेत मधल्या सावलीत ही झाडं लावतात.

सुंठ आल्यापेक्षा झणझणीत का लागते? ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं. आलं वाळताना त्याच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगॉल तयार होतं, ते जास्त तिखट. म्हणून चमचाभर सुंठीला चमचाभर किसलेलं आलं हा पर्याय नाही. शिवाय आल्याबरोबर पाणी येतं, आणि पाणी हा आपल्या लाडवाचा शत्रू नंबर एक.

आता मुख्य प्रश्न. पाक केला नाही तर लाडू वळणार कसा? चिक्कीत साखर किंवा गूळ इतका तापवतात की पाणी जवळजवळ संपतं आणि थंड झाल्यावर त्याची काच होते. ही उपमा नाही, शास्त्राच्या भाषेतही ती काचच (मटेरियल सायन्सचा पेपर दिलेल्यांना 'ग्लास ट्रान्झिशन' आठवत असेल, निदान नाव तरी). त्याच साखरेत थोडं पाणी राहिलं की ते प्लॅस्टिसायझरचं काम करतं. काच होत नाही, चिकट आणि लवचिक गोळा राहतो. खजुरात निसर्गाने हेच करून ठेवलंय. त्यात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि पाणी अंदाजे २० टक्के. म्हणजे पाक तयारच आहे, फक्त बी काढायची. जुलैत कोकणात चिक्की मऊ पडते त्याचं कारणही हेच. हवेतलं पाणी शोषून काच पुन्हा गोंद होते.

प्रमाण लिहून घ्या. बी काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं, काजू आणि तीळ प्रत्येकी ५० ग्रॅम. सुंठपूड एक छोटा चमचा, वेलचीपूड अर्धा, दालचिनीपूड पाव, जायफळ चिमूटभर आणि मीठही चिमूटभर. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडाला उठाव येत नाही. जायफळ मात्र चिमटीच्या वर नको. ते जास्त झालं तर मळमळ, भोवळ येते, अख्खं जायफळ किसून घालणं हा विनोद नव्हे. तीळ घरून भाजून आणावेत. कच्चेही चालतात, पण मजा नाही.

मिक्सर नसला तरी अडत नाही. शेंगदाण्यांची सालं काढून ते आणि काजू जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि स्टीलच्या पाण्याच्या बाटलीने लाटा. अगदी पीठ करू नका, पण तेल सुटायला लागेल इतकं दाबा. तेच तेल पुढे हाताला चिकटू देत नाही. तीळही जरा चेचून घ्या, अख्खे तीळ बरेचसे न पचताच निघून जातात. खजूर घट्ट असेल तर डबा तासभर उन्हात ठेवा. मग स्वच्छ, कोरड्या हाताने परातीत खजूर मळा, मसाले त्यातच मिसळा, आणि शेवटी कोरडं मिश्रण थोडं थोडं घाला. मसाले आधी खजुरात घालायचे कारण ते सगळीकडे सारखे पसरतात, नाहीतर एका लाडवात सगळी सुंठ आणि दुसऱ्यात नुसता खजूर! साधारण २० ग्रॅमचा एक, असे २५ लाडू होतात.

ओल्या खोबऱ्याचा मोह आम्हा कोकणातल्यांना होतोच. आमची आजी बजावते, "ओला खोबरा घालू नको गो, दोन दिसात वास येतलो." आजीच्या या वाक्याला फूड टेक्नॉलॉजीत 'वॉटर ॲक्टिव्हिटी' म्हणतात. शुद्ध पाण्याची १ धरली तर बहुतेक जीवाणूंना वाढायला ०.९ च्या वर लागते, काही बुरशा ०.७ पर्यंत तग धरतात, ०.६ च्या खाली कुणीच वाढत नाही. ओलं खोबरं जवळजवळ १ ला असतं, खजूर आणि सुकं खोबरं बरंच खाली. म्हणून हे लाडू कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहतात. पावसाळ्यात आठवड्यात संपवा. (ते संपतातच, विंगमध्ये बातमी पोचली की.)

याहून स्वस्त हवं तर शेंगदाणे दोन भाग आणि मऊ गूळ एक भाग, एवढंच कुटून वळा. चिक्कीचा गूळ घेऊ नका, साधा घ्या. दाणे मात्र निवडून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशी आलेला किंवा कडू दाणा सरळ टाकून द्या. त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजून जात नाही. आणि वाटण्याआधी विचारा, काहींना शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असते, ती जिवावर बेतू शकते.

आता जरा गंभीर. मागच्या रक्तदान शिबिरात आमच्या विंगमधल्या सात जणी गेलो होतो, चौघींना परत पाठवलं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागतं, आणि स्त्रियांमध्ये १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. चौघींपैकी एकीचं ९.१ निघालं. जिना चढताना तिला धाप लागायची आणि आम्ही तिला आळशी म्हणून चिडवायचो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. म्हणजे आमची विंग काही वेगळी नव्हती.

तेव्हापासून "गूळ-खजूर खा, रक्त वाढेल" हा सल्ला दर मजल्यावर ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो. तीळ, शेंगदाणे, खजूर यांत लोह आहे, पण वनस्पतीतलं लोह शरीर कमीच शोषतं, आणि दिवसाला दोन लाडवांतून येऊन येऊन येणार किती? ९.१ वाल्या मैत्रिणीला डॉक्टरांनी गोळ्याच दिल्या आणि त्या गोळ्यांनीच फरक पडला. लाडू चांगला आहे तो बिस्किटाच्या जागी. 'हेल्दी' म्हणून पाच-सहा हाणू नका. एका लाडवात सुमारे ८५ कॅलरी आणि खजुराची सहा-साडेसहा ग्रॅम साखर असते. घरात मधुमेह असणाऱ्या स्टाफमधल्या मंडळींनीही हे लक्षात ठेवावं. खजूर म्हणजे साखर नाही असा गैरसमज फार आहे.

लाडवातलं लोह थोडं तरी अंगी लागावं असं वाटत असेल तर बरोबर पेरू, आवळा किंवा लिंबूपाणी घ्या, क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. आणि लाडवावर लगेच कटिंग मारू नका, चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. तास-दीड तास थांबा. कँटीनवाले काका तोवर कुठे जात नाहीत.