पत्ता शेवटाकडून वाचा

लातूरमधल्या घरावर ‘मांजरी निवास’ अशी पाटी असली, म्हणून पोस्टमन तिथलं पत्र पुण्याजवळच्या मांजरीला नेत नाही. तो पत्त्याची शेवटची ओळ पाहतो. बँकेच्या नावाने आलेली बनावट ईमेल ओळखायलाही हीच नजर लागते. आजवरचा सल्ला मात्र शुद्धलेखनाच्या चुका शोधण्याचा. तो आता बाद समजावा. भामट्यालाही यंत्राकडून घोटीव मराठी मिळते. आणि खऱ्या बँकांची मराठी पत्रं तरी कुठे निर्दोष असतात! लोगो उचलून आणता येतो, पाठवणाऱ्याचं नाव पाठवणाराच लिहितो. उरते ती लिंक जिथे नेते ती जागा. ‘अमुकबँक डॉट केवायसीअपडेट डॉट कॉम’ यात बँक नुसती दारावरची पाटी, मालक ‘केवायसीअपडेट’. ‘डॉट कॉम’नंतरच्या तिरप्या रेघेपुढचं सोडून द्यायचं आणि तिथून उलटं वाचत यायचं. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं, ते याचसाठी. हे शेपूट फक्त बँकांसाठी राखीव आहे.

यावर कुणी म्हणेल, मोबाइलवर पत्ता धड दिसत नाही आणि घाईत तो वाचणार कोण? हरकत रास्त आहे. ‘२४ तासांत खातं गोठेल’ ही धमकी घाई लावण्यासाठीच असते. लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटमधून सप्टेंबर २०२२मध्ये कोटीहून जास्त रक्कम गेली, ती प्रमुखांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर. हिशेबात मुरलेली माणसंही नाव पाहून फसतात. तेव्हा शंका असो वा नसो, लिंक दाबूच नये. बँकेचं अ‍ॅप आपल्या हाताने उघडावं. खरी सूचना तिथेही असते.

दुसरा आक्षेप असा, की पैसे सांभाळणं हे बँकेचं काम. ते अर्धं खरं आहे. पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीजच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून अशाच ईमेलला उत्तर दिल्यावर ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी बँकेला ४५ लाख भरायला लावले, कारण भामट्यांची खाती नीट तपासली गेली नव्हती. उरलेला भार तक्रारदारावर, कारण उत्तर त्याने दिलं होतं. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम त्याहून कडक आहे: गुप्त माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पहिला फोन बँकेला, लगेच दुसरा १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला. आणि बँकेचा नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, ईमेलमधला नव्हे.