यमूची कादंबरी आणि तलासरीचा लग्नगडी

जुने पुस्तक विकत घेतले म्हणजे त्याबरोबर एक अनोळखी वाचकही घरी येतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ची माझ्याजवळची प्रत मुंबईच्या पदपथावरून घेतलेली आहे. तीत कोणीतरी शिसपेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. यमू नवऱ्याबरोबर मुंबईस येते, मोकळेपणाने राहू लागते, त्या पानांवर त्या दाट आहेत. पुढे रघुनाथराव वारतात व सासरी तिचे बळजबरीने केशवपन होते. तेथे पेन्सिल टेकलेली नाही. कादंबरीतला सुखाचा तेवढा तुकडा त्या वाचकाने, की वाचकिणीने, आपलासा केला होता.

ही कादंबरी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. रखमाबाईंचा खटला नुकताच गाजला होता, आणि 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा व्हायचा होता. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ती वाचली असेल, म्हणून कथानक सांगत बसत नाही.

परंतु हेच पुस्तक तलासरीत बसून वाचावे, म्हणजे निराळाच प्रश्न उभा राहतो. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्री. विधवेने पुन्हा घर मांडण्यास मज्जाव नाही; केशवपनाचे तर नावच नको. विधी झाला नाही तरी जोडपे एकत्र नांदते, आणि ऐपत येईल तेव्हा, कधीकधी मुले मोठी झाल्यावरही, लग्न उरकून घेते. यमूला ज्या रूढींनी जाळले त्या येथे नव्हत्या. मग येथली स्त्री स्वतंत्र होती काय?

तसे म्हणता येत नाही. लग्नाला पैसा लागे. तो जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून काढावा लागे, आणि त्याच्या फेडीसाठी नवरा त्याचा ‘लग्नगडी’ होई. हिशेब मालकाच्या वहीत, आणि गड्याला अक्षरओळख नाही. त्यामुळे दोनतीनशे रुपयांसाठी आयुष्य जाई. कर्ज पुरुषाने काढले तरी राबावे लागे दोघांना. मालकाची नजर फिरली, तर त्या बाईला दाद मागायला जागा नसे. यमूवर सत्ता चाले ती सासरच्यांची, रूढीच्या नावाने. हिच्यावर चाले ती परक्या माणसाची, कर्जाच्या नावाने. विधी टाळून नांदणारी जोडपी त्या मानाने मोकळी होती, हे आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांस पटायला थोडे जडच जाते.

ही गाठ सोडवायला जी बाई आली, ती पांढरपेशा घरातली होती. गोदावरी परुळेकर, वारल्यांची गोदूताई, या कायद्याच्या पदवीधर. यमूला जे चोरूनमारून शिकावे लागले, ते त्यांच्या पिढीतल्या काही मुलींना कॉलेजात बसून शिकता आले. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 मध्ये निघाले आणि त्याला 1972 चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ती कादंबरी नव्हे, आठवणी आहेत. तथापि आपट्यांच्या पुस्तकानंतर लगेच ते वाचावे.

तलासरीजवळच्या झरी गावी 23 मे 1945 रोजी सभा भरली. वेठ करायची नाही आणि 12 आणे रोजाखाली कामाला जायचे नाही, असे ठरले. नंतर कार्यकर्ते गावोगाव फिरले व लग्नगड्यांना मालकांच्या दारातून बाहेर घेऊन आले. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा झाला तो 1976 मध्ये.