वास म्हणजे पुरावा नव्हे

अपघातानंतर चालकाचा तोल जातो, जीभ अडखळते. बघे ‘प्यायलाय’ म्हणून मोकळे होतात. पण डोक्याला मार लागला किंवा मधुमेहीची साखर एकदम उतरली, तरी लक्षणे अशीच दिसतात. म्हणूनच मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारूच्या बाबतीत आकडा मागते: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. श्वासयंत्र मात्र रक्त मोजत नाही. श्वासातल्या अल्कोहोलला साधारण २१०० ने गुणून अंदाज बांधते. नुकत्याच वापरलेल्या माउथवॉशचा अंश तोंडात असेल, तर तो अंदाज फुगतो. १५ मिनिटांनी पुन्हा फुंकले, की हा अंश बहुधा विरलेला असतो.

अशाने खरे तळीराम सुटतील, हा आक्षेप टिकत नाही. रक्ततपासणी दोषीलाही पकडते. फक्त नमुना लवकर हवा, कारण १०० मिलिलिटर रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने घटते. त्वचा स्पिरिटने पुसू नये आणि कुपीत सोडियम फ्लोराइड असावे. नाहीतर जंतू रक्तातली साखर आंबवून अल्कोहोल तयार करू शकतात. तेव्हा आरोप चुकीचा वाटला, तर हुज्जत घालू नका. रक्ततपासणी मागा आणि नमुन्याची वेळ कागदावर नोंदवून घ्या.