‘होते’ आणि ‘असे’ : इंटरनेट-अनुदानाच्या वादातील दोन संज्ञा

सार्वजनिक धोरणांविषयीचे वाद बहुधा आकड्यांचे वाद म्हणून मांडले जातात. तथापि आकडा हा नेहमी कशाचा तरी असतो. आणि ते ‘कशाचा’ ज्या शब्दाने सांगितले जाते त्या शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांना एकच नसेल, तर दोघांचेही आकडे खरे असूनही वाद मिटत नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटसाठी सरकारी अनुदान द्यावे की नाही, यासंबंधी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झालेला वाद हे याचे बोलके उदाहरण होय. त्या वादातील ‘सार्वत्रिक सेवा’ आणि ‘इंटरनेट असणे’ या दोन संज्ञांचा अर्थदृष्ट्या विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वादाच्या आर्थिक अंगाचा निवाडा करणे हा भाषाभ्यासकाचा अधिकार नव्हे. परंतु तो निवाडा ज्या शब्दांवर उभा आहे ते शब्द तपासणे हे त्याचे काम निश्चितच आहे.

‘सार्वत्रिक सेवा’ हा शब्दप्रयोग अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रचारात आणला. त्या काळी एकाच शहरात दोन स्वतंत्र टेलिफोन कंपन्या असत. एकीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे, आणि म्हणून व्यापाऱ्यांना दोन-दोन यंत्रे बाळगावी लागत. कोणत्याही यंत्रावरून दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी संभाषण व्हावे, हा वेल यांच्या घोषणेतील ‘सार्वत्रिक’ या विशेषणाचा मुख्य अर्थ होता. गरिबाच्या घरीही टेलिफोन असावा हा अर्थ त्यात प्रधान नव्हता, हे मिल्टन म्यूलर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या प्रास्ताविकात सर्व लोकांना रास्त दरात सेवा मिळावी असा उद्देश आला. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ‘सार्वत्रिक सेवा’ हे कलम २५४ चे शीर्षकच झाले. येथे केवळ अर्थविस्तार झाला असे म्हणता येणार नाही. विशेषणाचा विषयच पालटला. पूर्वी ‘सर्व’ म्हणजे सर्व यंत्रे; आता ‘सर्व’ म्हणजे सर्व माणसे. ही नवी संज्ञा स्वीकारली की तिच्यामागून एक प्रश्न अपरिहार्यपणे येतो : ज्या माणसाला किंमत परवडत नाही त्याचे काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘लाइफलाइन’ या योजनेने १९८५ मध्ये दिले. प्रारंभी ही सवलत केवळ टेलिफोनच्या बिलात मिळे. २०१६ मध्ये ती इंटरनेटलाही लागू करण्यात आली. तिची रक्कम दरमहा ९.२५ डॉलर, म्हणजे घरगुती इंटरनेटच्या मानाने अल्पच. महामारीच्या काळात शाळा, वैद्यकीय सल्ला आणि नोकरीचे अर्ज ही सारीच कामे पडद्यावर आली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये तातडीची योजना म्हणून दरमहा ५० डॉलरपर्यंत अनुदान मंजूर झाले. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तिच्या जागी १४.२ अब्ज डॉलरची ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम’ ही योजना आणली. तीत पात्र कुटुंबाला दरमहा ३० डॉलरपर्यंत आणि आदिवासी भूमीवर ७५ डॉलरपर्यंत सूट मिळे. दारिद्र्यमर्यादेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे तीस पात्र होती. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. तथापि निधी ठराविक होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि १ जून २०२४ रोजी योजना संपली. ७ अब्ज डॉलर वाढवून देण्याचे विधेयक जानेवारी २०२४ मध्ये मांडण्यात आले होते. ते संमत झाले नाही.

मुदतवाढीच्या वादाचा कणा एकाच वाक्यात सापडतो. सिनेटर जॉन थ्यून व टेड क्रूझ यांच्यासह रिपब्लिकन पक्षाच्या चार लोकप्रतिनिधींनी डिसेंबर २०२३ मध्ये असा आक्षेप घेतला की, या अनुदानाचा फार मोठा भाग ज्यांच्याकडे आधीच इंटरनेट होते अशा कुटुंबांना गेला. आक्षेपातील तर्क निर्दोष आहे. जो ग्राहक अनुदानावाचूनही सेवा घेणारच होता त्याला दिलेला पैसा नवी जोडणी निर्माण करीत नाही. समजा, दर चार लाभार्थींपैकी एकच खरोखर नवा असेल, तर एका नव्या जोडणीचा मासिक खर्च ३० नव्हे, १२० डॉलर पडेल. याच्या उलट, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६८ टक्के लाभार्थींनी असे सांगितले की, योजनेपूर्वी आपल्याकडे इंटरनेट मुळीच नव्हते किंवा ते अखंड नव्हते.

वरकरणी ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ती तशी नाहीत. ज्या घरी इंटरनेट अधूनमधून चालू आणि अधूनमधून बंद असे, ते घर दोन्ही हिशेबांत येऊ शकते : आक्षेपकांच्या हिशेबात ‘आधीच होते’ या रकान्यात, आणि आयोगाच्या हिशेबात ‘अखंड नव्हते’ या रकान्यात. दोघेही त्याच घराकडे बोट दाखवून विरुद्ध निष्कर्ष काढू शकतात.

येथे मराठीच्या क्रियारूपांची तुलना उद्बोधक ठरते. इंग्रजीत ‘असणे’ दाखविणाऱ्या साध्या भूतकाळाच्या रूपात त्या वेळची स्थिती आणि नित्याची स्थिती हा भेद रूपाने दिसत नाही. मराठीत ‘त्यांच्या घरी इंटरनेट होते’ आणि ‘त्यांच्या घरी इंटरनेट असे’ ही दोन भिन्न वाक्ये आहेत. पहिल्यात एखाद्या वेळची स्थिती सांगितली जाते. दुसऱ्यात रीतिभूतकाळ आहे, म्हणजे नित्याची रीत. वर्तमानकाळात हाच भेद ‘आहे’ आणि ‘असते’ यांत आढळतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिल भरणारे आणि मुलाच्या औषधाचा खर्च आला की ते थांबविणारे घर घ्या. त्याच्याविषयी ‘इंटरनेट होते’ हे विधान पाहणीच्या दिवशी खरे ठरू शकेल. ‘इंटरनेट असे’ हे मात्र ‘अधूनमधून’ या क्रियाविशेषणाची जोड दिल्याशिवाय खरे ठरणार नाही. शाळेचा गृहपाठ, रुग्णालयाची वेळ आणि नोकरीच्या अर्जाची अखेरची तारीख यांना ‘होते’ पुरत नाही. त्यांना ‘असते’ लागते. म्हणून अनुदानाचे फलित नव्या जोडण्यांच्या संख्येने मोजावयाचे की जोडणी टिकण्याच्या कालावधीने, हा प्रश्न आकडेमोडीपूर्वीचा आहे.

अर्थात याने आक्षेपकांचा मुद्दा सर्वस्वी निकालात निघतो असे नाही. आयोगाची पाहणी लाभार्थींच्याच सांगण्यावर आधारलेली होती, आणि लाभ चालू राहावा अशी इच्छा असणाऱ्याचे सांगणे सावधपणेच घ्यावयास हवे. शिवाय ज्यांचे इंटरनेट खरोखरच अखंड होते अशा घरांनाही तीच रक्कम मिळाली, हेही नाकारता येत नाही. तेथे हा खर्च उत्पन्नसाहाय्य ठरतो. तेही इष्ट असू शकेल, परंतु मग त्याचे समर्थन त्याच नावाने केले पाहिजे.

पैसा कोणी द्यावा, हा वादाचा दुसरा पैलू होय. २०२१ च्या योजनेचा भार सरकारी तिजोरीवर होता. लाइफलाइनचा भार दूरसंचार कंपन्यांच्या आंतरराज्यीय उत्पन्नावरील वर्गणीतून भागतो. या वर्गणीचा दर अलीकडच्या वर्षांत ३० टक्क्यांच्या वर गेला असून कंपन्या ती बहुधा ग्राहकांच्या बिलात लावतात. त्या ग्राहकांत गरीबही आलेच. ही वर्गणी-पद्धती घटनाबाह्य नाही असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. न्यूयॉर्क राज्याने तिसरा मार्ग धरला. तेथील २०२१ च्या कायद्याप्रमाणे कंपन्यांनी पात्र कुटुंबांना दरमहा १५ डॉलरमध्ये किमान २५ मेगाबिट, किंवा २० डॉलरमध्ये २०० मेगाबिट वेगाची सेवा द्यावयाची असते. दीर्घ न्यायालयीन वादानंतर हा कायदा जानेवारी २०२५ मध्ये अमलात आला, आणि त्याच महिन्यात एटी अँड टी कंपनीने आपली बिनतारी घरगुती इंटरनेट सेवा त्या राज्यातून काढून घेतली. तिन्ही मार्गांत ‘अनुदान’ हा शब्द वापरता येतो. खिसा मात्र प्रत्येक वेळी निराळा असतो.

‘सार्वत्रिक सेवा’ ही संज्ञा आपल्याकडेही आली. १९९९ च्या दूरसंचार धोरणातून पुढे सार्वत्रिक सेवा दायित्व निधी निघाला आणि तो १ एप्रिल २००२ पासून अमलात आला. त्याचा ओघ प्रामुख्याने जाळे उभारण्याकडे, म्हणजे पोहोचीकडे राहिला. परवडीचा प्रश्न मागे पडला. ग्रामीण ग्राहकांना या निधीतून दरमहा १०० मेगाबाइट मोफत द्यावेत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये केली होती. केरळने जून २०२३ मध्ये ‘के-फोन’ हे सरकारी जाळे सुरू करताना २० लाख निर्धन कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले. नव्या नावात ‘सार्वत्रिक’ नाही, आणि ‘दायित्व’ही नाही. नाव बदलल्याने कर्तव्य संपते असे नव्हे. परंतु ज्या शब्दाला धरून नागरिक प्रश्न विचारू शकत होता तो शब्द गेला, हे भाषाभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

आता एक व्यावहारिक सूचना करून लेख संपवितो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना सामाजिक पाहण्यांच्या प्रश्नावल्या मराठीत उतरविण्याचे काम पडते. ‘घरी इंटरनेट आहे काय?’ हा प्रश्न मराठीत शुद्ध असला तरी अपुरा आहे. ‘गेल्या बारा महिन्यांपैकी किती महिने घरी इंटरनेट होते? नसल्यास कोणत्या कारणाने?’ असे विचारल्यास तो भेद उत्तरातच उमटेल. अमेरिकेत २ कोटी ३० लाखांवर कुटुंबांची सवलत संपली, तेव्हा त्यांच्या घरी इंटरनेट ‘होते’ की ‘असे’, हे ठरलेले नव्हते. आपल्याकडे असा वाद उभा राहील त्या दिवशी निदान हे एक क्रियापद तरी आधी निश्चित झालेले असावे.