दोन सेंटिमीटरच्या चौकोनात मावणारं नाव

धारच्या भोजशाळा–कमाल मौला परिसरात खांबांवर दोन सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय असे बसवले आहेत की कोणतं अक्षर कुठे आहे, यावरून त्याचं काम कळावं. परमार राजे उदयादित्य आणि नरवर्मा यांची नावं या लेखांशी जोडलेली आहेत, म्हणजे गोष्ट सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये इथल्या शिलालेखांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं.

याच धार जिल्ह्यात आज पीथमपूरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सचा कारखाना तिथे आहे. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप बनतात. पुण्याहून आलेला इंजिनिअर आणि तिथला पुरवठादार भेटले की व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण होते, आणि आता कार्डाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड छापण्याची पद्धत रुळते आहे. कोडवर फोन धरला की नाव आणि नंबर टाइप न करता फोनमध्ये उतरतात.

हा कोड जन्मला तोही मोटारींच्या सुट्या भागांसाठीच. जपानच्या डेन्सो कंपनीतले मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी कारखान्यातल्या बारकोडला पर्याय शोधत होते. उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत, त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड स्कॅन करावे लागत. १९९४ मध्ये त्यांनी आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती साठवणारा चौकोन तयार केला. पेटंट घेतलं, पण ठरलेल्या पद्धतीनं कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. आज कोणताही छापखाना हा कोड फुकट छापू शकतो तो त्या निर्णयामुळे.

कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आधी पाहा. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेनं रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. छापील मजकुरात सर्वांत क्वचित आढळणारं प्रमाण कोणतं, हे शोधण्यासाठी हारांच्या गटानं मासिकं, पत्रकं, खोकी असं पुष्कळ काही चाळलं आणि मग हे निवडलं. म्हणून कार्डावर नक्षी असो की बोधचिन्ह, फोन गोंधळत नाही. चौथ्या कोपऱ्यात असा चौकोन नसल्यामुळे कार्ड उलटं धरलंय की तिरपं, तेही त्याला कळतं.

मग वाचन सुरू होतं ते उजव्या खालच्या कोपऱ्यातून. कोडमधला प्रत्येक छोटा काळा किंवा पांढरा चौकोन म्हणजे एक घर. दोन-दोन घरांची पट्टी धरून वर जायचं, शेजारच्या पट्टीतून खाली यायचं, पुन्हा वर. वाट नागमोडी आहे. इथेही घराच्या जागेवरूनच त्याचा अर्थ ठरतो. धारच्या खांबांवरचे सर्पबंध मला या कोडचे पूर्वज वाटतात ते यासाठी. एकातून दुसरं जन्मलं असा माझा दावा नाही. माहिती ओळीत न मांडता पृष्ठभागावर पसरायची, ही बुद्धी मात्र दोन्हीकडे एकच आहे.

साम्य आणखी एका ठिकाणी आहे. दगडावरचा एखादा प्रत्यय झिजला तरी व्याकरण येणारा माणूस तो भरून काढू शकतो, कारण बाकीची घरं नियमानं बांधलेली असतात. क्यूआर कोडमध्ये हे काम रीड–सॉलोमन पद्धत करते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या गणितज्ञांनी ती १९६० मध्ये मांडली. दोन बिंदूंवरून एक सरळ रेषा ठरते. त्याच रेषेवरचे आणखी दोन बिंदू जास्तीचे देऊन ठेवले, तर चारांपैकी एक बिघडला तरी उरलेले तीन खरी रेषा दाखवतात. रेषेच्या जागी अधिक गुंतागुंतीचे वक्र घेतले की तीच युक्ती कोडला लागू होते. दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसणाऱ्या.

आता कार्डावरच्या नावाकडे येऊ. माळव्यातल्या मराठी घरांना आडनावांचा प्रश्न नवा नाही. धार-देवासच्या राजघराण्यांचं पवार हे नाव इंग्रजी कागदपत्रांत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. रोमन लिपीत काळे आणि काले एकच होतात. कार्ड मराठी माणसाच्या हाती पडो की हिंदी, दोघांनाही देवनागरी वाचता येते. मग कोडमधलं नाव रोमनमध्येच का भरायचं? ‘देवनागरीला जागा फार लागते’ असं उत्तर मिळतं. ते तपासून पाहण्यासारखं आहे.

संगणकाच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त यांनाही प्रत्येकी तीन. ‘काशिनाथ कृष्ण लेले’ हे नाव मधल्या जागा धरून ५० बाइटचं होतं, रोमनमध्ये तेच २२. फोनला कळेल अशा संपर्काच्या साच्यात हे नाव आणि एक मोबाइल नंबर बसवला, तर एकूण भार देवनागरीत १६६ बाइट आणि रोमनमध्ये ११० होतो, कारण साच्यात नाव दोनदा लिहावं लागतं. १५ टक्के दुरुस्तीची पातळी ठेवली, तर रोमनला ४५ × ४५ घरांचा कोड लागतो आणि देवनागरीला ५३ × ५३ घरांचा. भोवती चार घरांची कोरी कड सोडावीच लागते. ती धरून कोड दोन सेंटिमीटरमध्ये छापला, तर एक घर रोमनमध्ये ०.३८ मिलिमीटरचं येतं, देवनागरीत ०.३३ चं. फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा! एवढ्यासाठी आपलं नाव परक्या लिपीत कोंबायची काहीच गरज नाही.

जागा खरी खातात त्या दुसऱ्याच गोष्टी. मधोमध बोधचिन्ह हवं म्हणून दुरुस्तीची पातळी ३० टक्क्यांवर नेली की तोच देवनागरी मजकूर ६९ × ६९ घरांवर जातो आणि घर ०.२६ मिलिमीटरवर येतं. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत हे जेमतेम तीन ठिपके. खरखरीत कागदावर शाई पसरते, शेजारची पांढरी घरं बुजतात. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये नोटांवर सूक्ष्म अक्षरं उमटतात, पण त्यामागे खास शाई आणि खास यंत्रं असतात. नाक्यावरच्या प्रेसकडून तशी अपेक्षा धरू नये. पत्ता, हुद्दा, तीन-तीन ईमेल कोडमध्ये भरू नयेत, ते शेजारी अक्षरांत छापावेत. घरचा पत्ता तर नकोच, कारण कार्ड पुढे कोणाच्या हाती जाईल ते आपल्या ताब्यात नसतं.

सर्वांत मोठी फसगत वेगळीच. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही वेबसाइट तुमचं नाव कोडमध्ये ठेवतच नाहीत. त्यात फक्त त्यांचा दुवा असतो आणि नाव त्यांच्या सर्व्हरवर. मुदत संपली की छापलेली सगळी कार्डं मुकी होतात. दुव्याचा एक फायदा आहे, नंबर बदलला तरी कार्ड पुन्हा छापावं लागत नाही. पण दोन माणसांच्या ओळखीच्या मधे तिसऱ्याला कायमचा भाडेकरू म्हणून बसवणं मला पटत नाही. ओळखायचं सोपं आहे: इंटरनेट बंद करून कोड स्कॅन करा. नाव आणि नंबर दिसले तर माहिती कोडमध्येच आहे. अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसला तर असा कोड छापायला देऊ नका.

छापायला देताना कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तिथे चित्र दाबलं जातं आणि कडा धूसर होतात. पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल द्या, म्हणजे प्रेसवाल्याला कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये ती कडा न बिघडता लहानमोठी करता येते. रंग गडद, पार्श्वभूमी फिकी. सोनेरी फॉइल आणि चकचकीत लॅमिनेशन कोडवर नको, दिव्याची तिरीप पडली की कॅमेरा आंधळा होतो. पैसे घेण्याचा यूपीआय कोड त्याच बाजूला छापू नये, फोन भलताच कोड उचलतो. आणि पाचशे कार्डांची ऑर्डर देण्याआधी एकच नमुना छापून घ्या. घरातल्या जुन्यात जुन्या फोनवर तो स्कॅन करा आणि नावातला ‘ळ’ जागेवर आहे ना, ते बघा.