दाढ काढण्याआधी सगळं सांगा

कापूस वेचणीच्या दिवसांत दाढ ठणकू लागली, तर यवतमाळ जिल्ह्यातली शेतमजूर बाई सहसा दवाखान्याची वाट धरत नाही. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. मग दाढेत लवंग, दुकानातून आणलेली पेनकिलर आणि गालाला गरम मिठाची पुरचुंडी, यावर हंगाम निघतो. गाल सुजून डोळा झाकायला लागला की झरी-जामणी किंवा उमरखेडहून यवतमाळ गाठायचं, तेही मनात धाकधूक घेऊन. कारण घरच्या जाणत्यांनी सांगितलेलं असतं, वरची दाढ काढली की डोळा अधू होतो.

ही समजूत निराधार आहे. नजरेची नस आणि दाढेची नस पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट दाढेत साचलेला पू तसाच ठेवला, तर तो चेहऱ्यात आणि गळ्यात पसरू शकतो. सुजेवर बाहेरून गरम शेक दिल्याने फायदा होत नाही, नुकसान मात्र होऊ शकतं. आणि सूज हनुवटीखाली उतरली, जीभ वर ढकलली गेली, गिळता येईना किंवा श्वास जड झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री असेल तरी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. अशा सुजेने श्वासनलिका बंद होऊन माणूस दगावतो.

तोंडाच्या शस्त्रक्रिया आज बऱ्याच सुरक्षित झाल्या आहेत. धोका बहुतेकदा दोन ठिकाणी असतो: रुग्णाने आधी न सांगितलेल्या गोष्टींत आणि नंतर न पाळलेल्या पथ्यात. दोन्ही रुग्णाच्या हातात आहेत.

अक्कलदाढ कशी काढतात

अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती आडवी होते, पुढच्या दाढेला टेकते, अर्धी हिरडीखालीच राहते. त्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकतं, सूज येते, तोंड उघडेनासं होतं. अशी दाढ चिमट्याने सरळ ओढून निघत नाही.

खालच्या दाढेसाठी आधी जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते तिथे भूल देतात. पाच-दहा मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ जड होतो. ओठ बधिर झाला म्हणजे भूल लागली, ही डॉक्टरांची आणि रुग्णाचीही खूण. भुलीच्या औषधात रक्तस्राव कमी करण्यासाठी ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, म्हणून छाती क्षणभर धडधडू शकते. मग हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात, आड येणारं थोडं हाड पाण्याच्या धारेखाली यंत्राने कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढतात आणि टाके घालतात. दाब जाणवतो, यंत्राचा आवाज कवटीत घुमतो; पण दुखता कामा नये. दुखलं तर हात वर करायचा, भूल वाढवता येते. दात घट्ट आवळून सहन करण्यात कसलाच शहाणपणा नाही.

खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी काही आठवडे, क्वचित कायमची बधिर राहू शकते. वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला, सायनसला, लागून असतात. दाढ काढल्यावर पाणी पिताना ते नाकातून आलं, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. हे धोके शस्त्रक्रियेआधी समजावून घेण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

काय काय सांगायचं

विदर्भात पहिला प्रश्न सिकलसेलचा. आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. वाहकाला भूल देऊन दाढ काढताना सहसा अडचण येत नाही, पण प्रत्यक्ष रुग्णाला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, थंडी आणि भीती यांतलं काहीही वेदनेच्या झटक्यात ढकलू शकतं. अशा रुग्णाला सकाळची वेळ देतात, भरपूर पाणी प्यायला लावतात, गरजेप्रमाणे फिजिशियनचा सल्ला घेतात. आणखी एक गोष्ट: सिकलसेलमध्ये दात निरोगी असूनही जबडा दुखू शकतो. आजार सांगितलाच नाही, तर चांगला दात हकनाक निघू शकतो.

दुसरी गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. हृदयात स्टेंट बसलेला माणूस दाढ काढायची म्हणून ॲस्पिरिन स्वतःच बंद करतो. हे जिवावर बेतू शकतं. एखादी दाढ काढायची असेल तर ही गोळी बहुधा चालूच ठेवतात. रक्त टाके आणि दाबाने थांबवता येतं. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर ही रक्ततपासणी आधी लागते. गोळी बंद करायची की नाही, हे दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

मधुमेह असेल तर साखरेचा ताजा अहवाल न्यायचा. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर आधी प्रतिजैविक लागतं. हाडं ठिसूळ झाल्यामुळे किंवा कर्करोगासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखं इंजेक्शन घेतलं असेल, जबड्याला किरणोपचार झाले असतील, तर दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता सडू शकतं. म्हणूनच किरणोपचार सुरू होण्याआधी खराब दात काढून घेतात. गर्भारपण, औषधांची ॲलर्जी, दारू, तंबाखू हेही सांगायचं. डॉक्टर ऐकतात ते उपचार ठरवण्यासाठी, रागवण्यासाठी नाही.

यंत्रं कशासाठी

बहुतेक दाढांना छोटा एक्स-रे पुरतो. अक्कलदाढ, गाठ किंवा फ्रॅक्चर असेल तर ओपीजी काढतात. चेहऱ्याभोवती यंत्र फिरून एकाच चित्रात दोन्ही जबडे दिसतात. सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र. नस मुळांना चिकटलेली वाटली किंवा इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी मोजायची असली, तर त्याचा खरा उपयोग. त्यात किरणं ओपीजीपेक्षा जास्त लागतात. म्हणून ‘याने माझ्या उपचारात काय बदलेल?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको.

दात गेल्यावर हाडात बसवायचा इम्प्लांट बहुधा टायटॅनियमचा असतो. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये माणसात पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. साखर ताब्यात नसली किंवा तंबाखू सुटली नसली, तर इम्प्लांट सैल पडण्याचा धोका वाढतो. महाग यंत्र ती उणीव भरून काढू शकत नाही.

मोटारसायकलच्या अपघातात जबडा मोडला, तर पूर्वी वरचे-खालचे दात तारेने बांधून चार-सहा आठवडे पातळ खाण्यावर काढावे लागत. आता टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी हाड जोडतात, तोंड लवकर उघडता येतं. अपघातानंतर दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर जबडा मोडल्याची शंका घ्यायची. पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवायचा आणि तासाभरात दवाखान्यात पोहोचायचं. तो पुन्हा बसवता येऊ शकतो.

पहिले तीन दिवस

दाढेच्या खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हेच खरं मलम. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. बाहेरून बर्फाचा शेक, खाण्यात गार वरण-भात, कण्या, ताक. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते.

तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी कानापर्यंत ठणकू लागलं आणि तोंडाला घाण वास आला, तर ती गाठ निघून हाड उघडं पडलेलं असतं. यावर गोळ्या वाढवून भागत नाही. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवावी लागते. बिडी, सिगारेट आणि खर्रा यांमुळे हे दुखणं ओढवण्याची शक्यता वाढते.

खर्रा आणि तीन बोटं

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पण पानठेल्यांवर खर्रा मिळतच राहिला. निव्वळ सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं. सुपारीने गालाच्या आतलं मऊ अस्तर चामड्यासारखं ताठ होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. भारतात या आजाराचं वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केलं.

तपासणी घरी करता येते. आरशासमोर तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक ठेवून दातांमध्ये घाला. तीन गेली तर ठीक. दोनच गेली, तिखटाने आग होऊ लागली, गाल आतून पांढुरका दिसू लागला, तर खर्रा आजच सोडा आणि दंतवैद्याला दाखवा. या टप्प्यावर व्यायाम, औषधं आणि इंजेक्शनं उपयोगी पडतात. एकाच बोटापुरतं तोंड उरलं तर शस्त्रक्रिया करून आतले पट्टे सोडवावे लागतात. त्यानंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. तो चुकला की तोंड पुन्हा मिटतं.

तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर बायोप्सी करून घ्यायची. त्यात भूल देऊन छोटासा तुकडा काढतात. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने अनेक जण मोलाचे महिने घालवतात. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही, उशिराने पसरतो. लवकर सापडला तर शस्त्रक्रिया लहान होते आणि जबडा वाचू शकतो.

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवा. गुंतागुंतीच्या कामासाठी सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. रस्त्यावर बसून दातातली ‘कीड’ काढून दाखवणाऱ्याच्या हाती तोंड देऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा चालू गोळ्यांची पिशवी, सिकलसेलचा अहवाल न्या आणि दिवसाला किती खर्रे खाता ते खरं सांगा. तुमची शस्त्रक्रिया सुरक्षित होण्याची सुरुवात तिथूनच होते.