मेदाची कुपी आणि पक्षाघात

“अमक्याच्या अंगावरून वारे गेले,” असे आपल्या नांदेड-लातूरकडील खेड्यांतून अद्यापि ऐकू येते. हे वारे म्हणजे पक्षाघात; परंतु त्यात बिचाऱ्या वाऱ्याचा काहीएक दोष नसतो. बहुतेक रोग्यांच्या मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बुजते व तिच्यावर पोसला जाणारा भाग उपाशी मरू लागतो. काहींच्या बाबतीत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो.

गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज नावाचे औषध उपलब्ध आहे. मात्र लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः ४.५ तासांच्या आतच ते द्यावे लागते. आणि तत्पूर्वी मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही अशी खात्री करून घ्यावी लागते, कारण रक्तस्राव असल्यास तेच औषध घातक ठरते. शिवाय ते साऱ्या देहात पसरते व काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरतो. मेंदूच्या पेशी वाचवू पाहणाऱ्या इतर औषधांपुढे निराळीच अडचण! मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की, बहुतेक औषधांना त्या आत शिरूच देत नाहीत.

ह्या अडचणीवर लायपोसोमचा तोडगा शोधला जात आहे. फॉस्फोलिपिड ह्या स्निग्ध पदार्थाच्या कणाचे डोके पाण्याकडे ओढ घेते, तर शेपट्या पाण्याला विटतात. पाण्यात पडताच हे कण शेपट्यांना शेपट्या भिडवून दुहेरी पडदा रचतात आणि तो पडदा मिटून त्याची पोकळ कुपी बनते. इंग्लंडातील बाब्रॅहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम ह्यांना हा प्रकार दिसून आला. १९६४ साली तो प्रसिद्ध झाला. औषधाची अशी कुपी बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास असते. केसाच्या जाडीत अशा शेकडो कुप्या सहज मावतील!

आपल्या भागास ही कुपी अगदीच अपरिचित नाही. २०२१ साली काळ्या बुरशीच्या रोगाने मराठवाड्यात कहर केला, तेव्हा अँफोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी रोग्यांचे आप्त दारोदार फिरत होते. हे औषध मूत्रपिंडांस जाचक. लायपोसोममध्ये घातल्याने तो जाच पुष्कळ कमी होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच औषधावर १९९० नंतरच्या दशकात मोलाचे काम केले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

पक्षाघातात इजा झालेल्या जागीच वाहिन्यांची भिंत सैल पडते आणि त्या वाटेने कुप्या नेमक्या तेथे झिरपून साचतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे रोगानेच पाडलेल्या भगदाडातून औषध आत न्यावयाचे! युक्ती आम्हांस फार आवडली; तथापि पक्षाघाताच्या रोग्यांकरिता असे औषध अद्याप नित्याच्या वापरात आलेले नाही.

घरी मात्र तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोबडी वळली, तर तेल चोळीत बसण्यातच घटका निघून जातात. पालकहो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी. कारण नांदेडास जा की लातुरास, डॉक्टर आधी हेच विचारतील, “रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता?”